दादाचा बगळा

आमच्या दादाने अख्खी नोकरी एक्स-रेच्या खोलीत काढली. लोकांच्या बरगड्या बघून बघून त्याला वाटायला लागलं, की आपल्याला माणसं आरपार कळतात. डोंबल कळतात! स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते कळत नाही. आणि चूक? ती त्याच्या हातून होतच नाही. दूध उतू गेलं तर गॅस खराब, बस चुकली तर ड्रायव्हर मूर्ख.

रिटायर झाल्यावर या महाशयांनी कॅमेरा घेतला. हातभर लांब लेन्स, खिसेच खिसे असलेलं जाकीट, डोक्याला टोपी. थाट असा, की पक्ष्यांनी आपणहून नंबर लावावेत.

निमित्त वहिनीचं होतं. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, पण भरवसा देत नाही. आमच्या मागच्या खिडकीतून तळं दिसतं, आणि तळ्याकाठच्या झाडावर बगळ्याने घरटं केलेलं. वहिनीला तो लांबून नुसता ठिपका दिसायचा.

"मला एकदा त्याचं तोंड बघायचंय," ती म्हणाली. "नजर आहे तोवर."

"टीव्हीवर मोठ्ठा करून दाखवतो," दादा म्हणाला. म्हणाला खरा.

पहिल्या दिवशी टीव्हीवर काय आलं? फांदीवर वाळत घातलेला बनियन! ना पिसं, ना मान. वहिनी टीव्हीला नाक लावून बसली. "अहो, मला नुसतं पांढरं दिसतंय."

दादाने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "हिची नजर गेली गं. एवढ्यातच गेली."

"तुझी अक्कल गेली! मलाही पांढरंच दिसतंय."

"तुला फोटोतलं काय कळतं?"

झालं. दुसऱ्या दिवशी बगळा आणखी पांढरा, तिसऱ्या दिवशी फांदीसुद्धा गायब. वहिनी टीव्हीपुढून उठून पुन्हा पुन्हा डोळ्यांत औषध घालायला लागली. फोटो चांगला असणार, आपणच संपलो, असं तिने मनाशी धरलं होतं. ते बघून माझं डोकं फिरलं. पुढच्या सकाळी मी दादाच्या मागोमाग तळ्यावर गेले.

बघते तर काय, हा कॅमेऱ्याला डोळा लावून बगळ्याला सांगतोय, "श्वास घ्या... रोखा... हलू नका." बगळा ऐकतोय होय! मग फोटो बघितला, तोंड वाकडं केलं आणि कॅमेऱ्यावरचं चाक प्लसकडे फिरवलं.

"हे काय केलंस?"

"उजेड वाढवला. पांढरा आलाय ना."

"पांढरा आलाय म्हणून उजेड वाढवतोस?"

"मग? फिल्म पांढरी राहिली म्हणजे किरण कमी पडले. एवढी वर्षं काय गोट्या खेळलो?"

मी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, हा काय एक्स-रे आहे? तिथे किरण पडले की काळं होतं, इथे उजेड पडला की पांढरं! मुळात बगळा पांढरा, त्यावर ऊन, त्यावर तुझी भर. कमी कर, कमी!"

त्याने कॅमेरा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "कंपनीने कॅमेराच उलटा बनवलाय."

पण चाक फिरवलं. एकेक टिचकी मायनसकडे नेत गेला. फांदी काळपट झाली आणि पांढऱ्यातून पिसं वर आली, एकेक सुटं. काळी चोच, डोळ्यापुढची हिरवट कातडी, खाली आ वासलेली दोन पिल्लं. मी त्याला म्हटलं नाही, पण फोटो झकास होता.

घरी येताच त्याने टीव्ही लावला. वहिनी खुर्ची ओढून बसली. चष्मा पुसला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"आता?" दादाने विचारलं.

समोर टीव्हीभर बगळा. डोळ्यातली बाहुलीसुद्धा स्वच्छ.

"पांढरं आहे," वहिनी म्हणाली. "मधे नुसतं धुरकट पांढरं." तिने चष्मा पुन्हा पुसला. "अहो, खरं सांगा. फोटोच बिघडलाय ना?"

मी दादाकडे बघितलं. जन्मात कधी चूक कबूल न केलेला हा माणूस टीव्हीकडे बघत म्हणाला, "हो गं. माझंच चुकलं. उजेड जास्त पडला."

वहिनी माझ्याकडे वळली. "खरंच?"

"नाहीतर काय!" मी म्हटलं. "नेहमीसारखीच घाण करून आणलीय. याला जन्मात जमायचं नाही."