लोहखिंड, भाग दुसरा

त्याला सगळे अडसर म्हणत. इस्पितळाच्या अपघात विभागाच्या दारात तो उभा राहिला की दाराला कडी लावायची गरज नाही, असं एक नर्स म्हणाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नऊ वर्षांत त्या दारात त्याने खुर्चीचा पाय खाल्ला होता, सलाईनचा स्टँड खाल्ला होता, हेल्मेट खाल्लं होतं आणि एकदा एका आजीबाईंचा कडकडून चावाही. हेल्मेटने डावा कान कायमचा अधू केला. चाव्याची खूण मात्र तो कौतुकाने दाखवायचा. आजींना तीनच दात होते, पण तिन्ही कामाचे, असं सांगायचा.

आत माणूस मेला की बाहेरच्यांना कुणाला तरी मारावंसं वाटतं, आणि डॉक्टर हाताशी असतो. अडसरचं काम मध्ये उभं राहायचं. कमरेला काठी असे, पण नऊ वर्षांत ती दोनदाच निघाली होती. पडलेल्याला मारायचं नाही, हा त्याचा नेम. हा नेम त्याला घरी शिकवलेला नव्हता. बाप आधी पाडायचा आणि मग खऱ्या कामाला लागायचा. पट्ट्याच्या बकलाची खूण थोरल्या बहिणीच्या हनुवटीवर अजून होती. नेम आला तो ‘लोहखिंड’ नावाच्या व्हिडिओ गेममधून, आणि हे तो कुणालाही न लाजता सांगे.

घर दोन खोल्यांचं. टीव्ही एक, त्याखाली गेमचं जुनं यंत्र एक, आणि त्यावर हक्क सांगणारी भावंडं दोन. ताई कुरिअरच्या गोदामात पार्सलं निवडायची. त्याची पाळी दुपारी तीनला संपे, तिची तीनला सुरू होई. त्यामुळे सकाळी ती खेळायची, संध्याकाळी तो. एकमेकांचा खेळ दोघांनी कधी पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती फक्त भांडणं, सुट्टीच्या दिवशी, जेवताना.

भांडण एकाच गोष्टीचं: पहिला भाग थोर की दुसरा?

पहिल्या भागात तुम्ही एका डोंगरी खिंडीचे राखणदार. तलवार बोथट व्हायची, ती बसून घासावी लागायची. ढाल सहा घाव सोसायची, सातव्याला फुटायची. मारलेला माणूस पडला तिथेच राहायचा. चार दिवसांनी त्याच वाटेने गेलात तर कावळे त्याचे डोळे काढत असायचे. आणि हरलेला शत्रू गुडघे टेकून तलवार टाकायचा. टाकली म्हणजे टाकली. तरीही त्याला कापलंत, तर पुढच्या गावात कुणी तुम्हाला पाणी द्यायचं नाही. अडसरने एकदाच तसं करून पाहिलं होतं. तहानेने आपला राखणदार खुरडत मरताना बघितला आणि पुन्हा कधी गुडघे टेकलेल्याच्या वाटेला गेला नाही.

दुसरा भाग सात वर्षांनी आला. नकाशा चौपट, घोडे, चिलखतावरून ओघळणारं रक्त. तलवार बोथट होत नव्हती, मढी धूर होऊन उडून जात होती, पाणी कुणालाही मिळत होतं. हे सगळं अडसरने चालवून घेतलं असतं. पण गुडघे टेकलेला माणूस उठायला लागला. त्याचा हात घोट्याकडे जायचा, बुटातून सुरी निघायची आणि ती सरळ पोटात. पहिल्या संध्याकाळी अडसर असा अकरा वेळा मेला. बाराव्याने गुडघे टेकले तशी त्याने त्याची मान उडवली. पुढचा अख्खा खेळ त्याने तसाच पार केला. गुडघा टेकला की घाव. नंतर नंतर तर विचारसुद्धा करावा लागेना, अंगठा आपला आपण बटणावर जायचा.

म्हणून पहिला भाग सरळ आणि दुसरा लबाड, असं त्याचं मत. ताईला दुसराच आवडायचा. समोरचा काय करणार हे आधीच ठाऊक असेल तर त्याला सोडून देण्यात कसली आली हिंमत, असं तिचं म्हणणं. तुला लहानपणापासून पाठ केलेलेच प्रश्न हवेत, असा टोमणाही ती मारायची.

मंगळवारी दुपारी एक सुतार आपल्या बायकोला घेऊन आला. ती जिन्यावरून पडली होती. पाऊण तासाने तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने मान हलवली. सुताराने आधी काहीच केलं नाही. मग शेजारचा सलाईनचा स्टँड उचलला आणि डॉक्टरच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, कातडी डोळ्यावर लोंबू लागली. दुसरा फटका काचेच्या पडदीवर बसला आणि अख्खी काच खाली आली. नर्स टेबलाखाली शिरली. अडसरने सुताराला मागून मिठी घातली, तर कोपर थेट दातांवर आलं. तोंडात रक्त भरलं. त्याने सुताराला उचलून खांबावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. स्टँड हातातून सुटला. सुतार घसरत खाली आला आणि त्याने गुडघे टेकले.

तिथेच संपलं होतं. पण सुताराचा उजवा हात घोट्याकडे गेला.

काठी कधी निघाली ते अडसरला कळलं नाही. पहिला घाव जबड्यावर बसला. तो आवाज त्याला डाव्या कानानेही ऐकू आला. दुसरा कोपरावर. सुतार तोंडावर पडला, तिसरा पाठीवर. चौथ्याला मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरने काठी पकडली. मग त्याच ड्रेसरने कात्रीने सुताराची पँट कापली. घोट्याजवळ बोटभर लांब काच घुसली होती, आणि बुटात रक्त साचलं होतं. सुरी नव्हती, पटाशी नव्हती, काहीच नव्हतं.

बुधवारी सुपरवायझरने त्याला खोलीत बोलावलं. चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही, घरी बसायचं, आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत जबाब लिहून द्यायचा. कॅमेऱ्यात फक्त अडसरची पाठ दिसत होती. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, त्याने समजुतीनेच सांगितलं. हात हत्याराकडे जातोय असं वाटलं, एवढं एक वाक्य लिही. सोमवारी कामावर ये. सुतारावर जीवघेण्या हल्ल्याची केस होईल, तो खाटेवरून सरळ तुरुंगात जाईल, त्याने डॉक्टरला फोडलंच आहे. नाही लिहिलंस तर नोकरी जाईल आणि केस तुझ्यावर होईल.

अडसरला त्यात खोटं काहीच दिसेना. वाटलं होतंच की त्याला.

गुरुवारी सकाळी तो कोरा कागद मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता. ताई खाली बसून खेळत होती. तिची ती वेळच होती. सुजलेल्या ओठांनी तो म्हणाला, की दुसऱ्या भागाने त्याचा हात बिघडवला. पहिलाच खेळत राहिला असता तर काठी निघाली नसती.

ताईने मागे वळूनही पाहिलं नाही. "तुझ्या हाताचं खापर खेळावर फोडू नकोस. मी पण हाच खेळते. मी एकालाही नाही कापलं असं."

"मग मरतेस किती?"

"मरते की. बघ."

पडद्यावर तिचा राखणदार एका भालेवाल्याशी लढत होता. तिने भाला तोडला, त्याच्या मांडीत तलवार खुपसली, ढालीने तोंड ठेचलं. भालेवाल्याने गुडघे टेकले. हात घोट्याकडे निघाला. अडसरचा अंगठा मांडीवरच्या कागदावर दाबला गेला. ताई मात्र नुसती थांबली. हात बुटापाशी पोचला, बुटाचा पट्टा सैल केला आणि तिथेच राहिला. घोट्यातून बाणाचं तुटकं टोक बाहेर आलं होतं. भालेवाला ते धरून बसला.

अडसरने खेळ दोनदा पार केला होता. ते टोक त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कळतं कसं?" त्याने विचारलं.

"डोळे बघायचे. सुरी काढणारा तुझ्याकडे बघत असतो. ज्याला लागलेलं असतं तो स्वतःच्या पायाकडे बघतो. एक श्वासभर थांबावं लागतं, बस्स. कधी चुकतं, मग मरायचं. सुरुवातीला सगळेच उठतात, पुढे दहांतले दोनच."

"आणि बाकीचे आठ?"

"बाकीच्यांना लागलेलं असतं."

त्याने दोनशे चाळीस तास तो खेळ खेळला होता. त्यातल्या मानांचा हिशेब त्याने केला नाही. ताईने खेळ थांबवला आणि आता ती वळली.

"तो सुतार कुठे बघत होता?"

अडसरने आठवून पाहिलं. गुडघे आठवले, हात आठवला, शर्टावर भुसा लागला होता तो आठवला. चेहऱ्याच्या जागी काहीच येईना.

"बघितलंच नाही मी."

"किती मारलेस?"

"तीन."

"तिसरा कधी?"

"पडल्यावर."

ताईने रिमोट जमिनीवर ठेवला. हनुवटीला हात लावला नाही की बापाचं नाव काढलं नाही. उठून आत गेली आणि तिच्या हातून एक भांडं पडल्याचा आवाज आला. आतूनच तिने सांगितलं की लिहायचं ते लिही, पण नोकरी गेली तर मला जादा पाळ्या घ्याव्या लागतील, हेही ध्यानात असू दे. तिचा आवाज घाबरलेला होता. तिने तो लपवलाही नाही.

त्याने खाटेवर बसूनच लिहिलं. सुताराने आधी डॉक्टरला मारलं, मला मारलं, मी त्याला खांबावर आपटलं. मग त्याने गुडघे टेकले. त्याचा हात रिकामा होता. तो कुठे बघतोय हे मी पाहिलं नाही. तिसरा घाव तो पडल्यावर घातला.

सुपरवायझरने कागद वाचला, उलटा ठेवला आणि दुसरा कोरा कागद पुढे सरकवला. अडसरने तो घेतला नाही. तुझं डोकं फिरलंय, सुपरवायझर म्हणाला, आता पोलीस येतील ते तुझ्या घरी. अडसरने कमरेची काठी आणि छातीवरचा बिल्ला टेबलावर ठेवला. काठीच्या टोकाच्या चिरेत तपकिरी काहीतरी सुकलेलं होतं. सुपरवायझरने ती फडक्याने धरून बाजूला केली.

पुरुषांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. सुताराचा जबडा तारेने बांधला होता, हात प्लास्टरमध्ये. दारात अडसरला बघताच त्याने चांगला हात डोक्यावर घेतला आणि तो भिंतीकडे सरकला. सलाईनची सुई उपटली गेली, चादरीवर रक्ताची रेघ उमटली. तारेमागून जो आवाज येत होता तो शब्द नव्हता.

अडसर दारातच थांबला. "हात रिकामा होता, असं लिहून दिलंय मी," तो म्हणाला.

सुताराने हात खाली घेतला नाही. कोपराखालून त्याचे डोळे अडसरच्या कमरेवर खिळले होते, जिथे काठी असायची तिथे. नर्स धावत आली, सुई बघून संतापली, आणि हा माणूस इथे आलाच कसा, असं तिने विचारलं. अडसरने दोन्ही तळवे उघडे करून पुढे धरले आणि तसाच मागे मागे पावलं टाकत बाहेर गेला.