‘कळवतो’ या उत्तराचं काय करायचं

मी लग्नं जमवते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा लोक विचारत, आता काय करणार? म्हटलं, तेच, जोडण्या देणार. घाटकोपरला आमच्या बाहेरच्या खोलीत बौद्ध वधू-वर सूचक केंद्र चालतं. केंद्र म्हणजे मी, एक टेबल आणि माझा फोन. त्या फोनमध्ये बायोडेटा, फोटो आणि लोकांची गाऱ्हाणी यांचा असा काही गुंता झाला होता, की एकदा मी मुलुंडच्या एका मुलाला त्याच्याच सख्ख्या बहिणीचं स्थळ पाठवलं. त्यावर माझी खात्यातली मैत्रीण रतन म्हणाली, “नंदा, तू आता आवर. माझ्या प्रियंकाला पाठवते.”

प्रियंका रतनची एकुलती एक. चौतिशीची. अंधेरीला एका कंपनीत होती. कंपनीने एका सकाळी अर्धा मजला घरी पाठवला, त्यात हीसुद्धा. दुसरी नोकरी न शोधता तिने घरूनच सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला, तोही कोड न लिहिता. मला समजलं ते एवढंच, की तयार तुकडे मिळतात, ते एकमेकांना जोडायचे आणि सांगून ठेवायचं, हे झालं की ते कर. दाताच्या डॉक्टरकडून पेशंटला आपोआप आठवण जाते, क्लासमध्ये मूल आलं नाही की आईला निरोप जातो, मालाडची पोळीभाजी केंद्रवाली रोज संध्याकाळी दोनशे लोकांना न थकता विचारते, उद्या डबा हवा का? अशी तिची गिऱ्हाइकं.

माझ्याआधी तिने बोरिवलीच्या वनमालाबाईंचं काम केलं होतं. वनमालाबाई कोकणातल्या हिंदू मंडळींची लग्नं जमवतात. त्यांचीच मांडणी उचलून प्रियंकाने मला बसवून दिली, नाव बदललं, रंग निळा केला. पहिल्याच आठवड्यात मानखुर्दच्या एका गृहस्थांचा फोन.

“जय भीम नंदाताई. मला एक सांगा, तुम्ही पत्रिका कधीपासून बघायला लागलात? आणि माझ्या मुलीची बनवली कुणी?”

झालं होतं असं, की मुलाकडच्यांनी नकाराचं बटण दाबलं आणि वनमालाबाईंकडून आलेलं वाक्य जसंच्या तसं गेलं, ‘पत्रिका जुळत नसल्याने पुढे जाता येत नाही.’ मी प्रियंकाला फैलावर घेतलं. एरवी ही पोरगी पोट धरून हसली असती. तेव्हा नुसतं “सॉरी मावशी, काढते” म्हणाली आणि काढलं.

काढलं, पण त्या जागी घालायचं काय? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वनमालाबाईंकडे नकाराला निमित्त आहे. मुलगी काळी वाटली, घर लहान वाटलं, सासू तापट वाटली, सगळं पत्रिकेवर ढकलता येतं आणि कुणाचं मन मोडत नाही. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. अभिमानाचीच गोष्ट आहे, पण त्यामुळे नाही म्हणायची वेळ आली की माणसं उघडी पडतात. मग ती म्हणतात, “कळवतो.” आणि कळवत नाहीत. कळवतो म्हणजे नाही, हे मी बावीस वर्षांच्या मुलींनासुद्धा सांगत आले आहे. पण दहातला एखादा कळवतो खरंच कळवतो, आणि त्या एकापायी बाकीच्या नऊ ठिकाणची माणसंही फोनकडे बघत बसतात.

प्रियंकाने ‘कळवतो’चं बटण केलं आणि आठवडाभरात कपाळाला हात लावला. म्हणाली, “मावशी, त्याला हो कळतं, नाही कळतं. कळवतो म्हटलं की ते तिथेच बसून राहतं. तोपर्यंत त्या मुलीला दुसरं स्थळ पाठवत नाही. तुझ्याकडची निम्मी मुलं-मुली अशी बसलीयत बघ.”

त्या बसलेल्यांत ती स्वतःही होती.

सम्यक मुलुंडचा, विमा कंपनीत. स्थळ मीच आणलं होतं. दोघं घाटकोपरलाच भेटली, कॉफी प्यायला म्हणून गेली आणि दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा उठली. त्या दिवशी प्रियंका माझ्याकडे येऊन इतकी बडबडली, की मी रतनला फोन करून सांगितलं, आता हॉल बघायला घे. मग सम्यकच्या आईचा, नलिनीताईंचा, निरोप आला. कळवतो. त्याला पाच महिने झाले होते. सम्यक आधी मेसेजला उत्तर द्यायचा, घरी बोलतोय म्हणायचा. नंतर नुसत्या निळ्या खुणा. रतन मात्र ठाम. दुसरं स्थळ सुचवलं की म्हणायची, “त्यांचं येऊ दे. हिऱ्यासारखा मुलगा आहे. घाई करून घालवायचा का?”

आणि प्रियंका? ती रडली नाही, चिडली नाही. वेळेवर जेवायची, वेळेवर काम करायची. विचारलं तर म्हणायची, “काहीच वाटत नाही गं मावशी. खरंच नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं.” मला त्या मुलीकडे बघून भीती वाटायची. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. हिच्याशी काय करायचं?

तर उपाय तिनेच सुचवला. महिनाभर कळवतोच असेल तर दोन्ही घरांना आपोआप एक निरोप जाईल आणि विषय बंद. शब्दही तिचेच, ‘आपल्या दोन्ही कुटुंबांमधील हा विषय आम्ही येथे थांबवत आहोत. पुढील वाटचालीस मंगल कामना.’ मी विचारलं, नाही कुणी म्हटलं ते यात कुठे आहे? म्हणाली, “तेच लिहायचं नाही. दोघांनाही वाटू दे समोरच्याने म्हटलं.” माझ्या उभ्या आयुष्यात इतका सभ्य नकार मी वाचला नव्हता.

नियम झकास होता, चालू मात्र होईना. ज्या पोरीने डॉक्टरचं काम दोन दिवसांत उरकलं, तिला माझं एक बटण चालू करायला मुहूर्त मिळेना. आज चाचणी बाकी, उद्या इंटरनेट गेलं, परवा पोळीभाजीवालीचं अडलं. शेवटी मी फोनवरच वैतागले. “काय गं, लोकांची पोरं लटकलीयत आणि तुझी नाटकं काय चाललीयत? जमत नसेल तर तसं सांग.” ती म्हणाली, “उद्या येते.” फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं माणसं ओळखण्याचा धंदा करते आणि हे मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. मी चहा ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, “तुझं नाव या नियमातून बाजूला काढून ठेव. तेवढं येत असेल ना त्याला?”

“येतं.”

“मग काढ. कोण विचारतंय?”

तिने लॅपटॉप उघडला. “काढलं होतं मावशी,” ती म्हणाली. “तीन आठवडे काढूनच ठेवलंय. रोज उघडून बघते. आता मलाच कंटाळा आला.” तिने नाव परत आत घातलं आणि चालू केलं. आवाजबिवाज काही झाला नाही. टेबलावरचा तिचा स्वतःचा फोन थरथरला. निरोप तिच्याच शब्दांत होता, तिने वाचला आणि फोन पालथा घातला. मी चहा दिला. तिने तो प्यायलाही.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. नलिनीताई. मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो. तो बंद करायला मी बोट नेलं, तर प्रियंकाने मान हलवली. राहू दे.

“नंदाताई, तुमचा निरोप मिळाला,” नलिनीताईंचा आवाज मोकळा होता. “बरं झालं बाई, तुमच्याकडूनच आलं. सम्यकचं ऑफिसातल्या मुलीशी ठरलंय हो. तिकडे कसं सांगायचं हेच आम्हाला सुचत नव्हतं. मुलगी चांगली होती. आता कुणाच्या मनाला लागायला नको. सुटलो बघा.”

 फोन ठेवला. प्रियंका म्हणाली, “म्हणजे चालतंय बरोबर. दोन्हीकडे गेला मेसेज.” मी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

तेवढ्यात रतनचा फोन आला, प्रियंकाच्या फोनवर. निरोप रतनलाही गेला होता. माझ्यासाठी म्हणून की काय, प्रियंकानेही स्पीकर लावला.

“पिंकी, हे काय आलंय? थांबवतोय म्हणजे? कुणी नाही म्हटलं?” रतनने विचारलं. “त्यांनी म्हटलं का गं?”

मी मनात म्हटलं, आता सांगेल, ऑफिसातली मुलगी, सगळं.

“नाही आई,” प्रियंका म्हणाली. “मी म्हटलं.”

मला वाटलं, आता रतन फाडून खाणार. या स्थळापायी तिने तीन स्थळं परत पाठवली होती. नातेवाइकांत सांगून झालं होतं. पाच महिने तिने त्या मुलाचं इतकं कौतुक केलं होतं, की मला त्याचं नाव ऐकलं तरी वीट यायचा.

“बरं केलंस,” रतन म्हणाली. “मला तो पहिल्यापासून पसंत नव्हता. तुला आवडला म्हणून गप्प होते.” मग म्हणाली, “दुपारी जेवायला घरी ये. बोंबील आणलेत.”

“येते,” प्रियंका म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्या टेबलावर डोकं टेकून ती रडायला लागली, चांगली हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.