मालूच्या गुडघ्याचा स्क्रू

सोमवारी सकाळी शाळेला जाताना सात रस्ता चौकात आमची मालू पुन्हा पडली. टांगेवाल्याने वेळेवर लगाम ओढला म्हणून बरं... ऐकल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

मालू माझी नात. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार असतो. गुडघ्याशी दोन पट्ट्या एका बारीक स्क्रूने जोडलेल्या... चालता चालता तोच सैल होऊन गळतो.

तिचे वडील, म्हणजे माझा वसंता, रोज सकाळी पेचकस घेऊन तो स्क्रू जीव खाऊन आवळायचा. त्या संध्याकाळी मात्र म्हणाला, "आई, आता आणखी एकदा पडली की शाळा बंद. घरीच शिकव तिला."

मालू कोरी पाटी पुसत राहिली...

दुसऱ्या दिवशी पट्ट्या पिशवीत घालून मी लेथवाल्या यल्लप्पाकडे गेले. त्याने स्क्रू उजेडात धरला.

"अक्का, रोज कोण आवळतंय हे? आटे पार मेलेत की! पट्टी पातळ हाय, दोनच आटे धरत्यात. जोर लावला की तेबी जात्यात."

तो जाड स्क्रू शोधू लागला. मला धीर धरवेना. जाड झाला तरी धरणार त्याच पातळ पट्टीत ना?

अस्वस्थ असले की माझा हात कानाकडे जातो... बुगडीवर. बुगडी काय कानाच्या वरच्या पाळीवर भरवसा ठेवते? दांडा आरपार जातो आणि पलीकडून फिरकी बसते. ती गळू नये म्हणून आम्ही बायका दांड्याला दोऱ्याचा वेढा देतो. मी बुगडी काढून त्याच्यापुढे धरली.

"नातीच्या पायात बुगडी घालताय व्हय?" यल्लप्पा हसला. मग हसता हसता त्याने फिरकी फिरवून पाहिली आणि तो लांब स्क्रू शोधू लागला.

भोक आरपार झालं, पलीकडून नट लागला. दोरा मात्र त्याला पटेना. "कान जागच्या जागी असतोय, अक्का. पाय लाथा मारतोय." गुडघा वाकायला हवा म्हणून पहिला नट त्याने हलकाच टेकवला, त्यावर दुसरा चढवला आणि दोन्ही एकमेकांवर घट्ट पिळले. "आता हे दोघं एकमेकाला सोडत न्हाईत."

बुधवारी मालू शाळेला निघाली. वसंता काहीतरी काम असल्यासारखा थोडं अंतर राखून मागे. मी दारात... मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधली प्रार्थना आणि रामरक्षा, दोन्ही एकदम ओठांवर.

संध्याकाळी ती आली, परकराला माती न लागता. वसंता तिच्या दप्तराचा उसवलेला बंद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "एवढा शिवून दे. उद्या लागेल."

अजून रस्त्यावर काही खणकलं की मी दचकते... पण 'उद्या' ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.