आबांचा हात आणि चौकोनी दांडीचं बिट

नंदुरबारच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्या दुपारी अचानक सगळी मशिनं थांबली... आणि त्या शांततेत मला आबांचा आवाज ऐकू आला. स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी सतरा वर्षांची, कापूस टाकायच्या कामावर. आबा, म्हणजे माझे वडील, तिथलेच सुतार.

धावत गेले तर आबांचा उजवा हात रूळ आणि पात्याच्या मध्ये अडकलेला. रूळ ना पुढे जाई, ना मागे. पातं सैल करायचं तर त्याचा बोल्ट काढायला हवा, आणि तो गंजून बसलेला... पान्याने त्याचे कोपरेच झिजले. हातापासून जेमतेम दोन बोटांवर होता तो.

इंजिनवाले भगवानकाका हाताने फिरवायचं ड्रिल घेऊन आले. बोल्टचं डोकं पोखरून काढायचं ठरलं. जिनमधली दोन्ही बिटं, म्हणजे ड्रिलची भोक पाडणारी टोकं, गोल दांडीची होती, ती एकामागून एक तुटली. लोखंडाला भोक पाडायचं तिसरं बिट आबांच्या पेटीत सापडलं, पण त्याची दांडी चौकोनी, टोकाकडे निमुळती.

काकांनी तेच ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, आवळलं. दोन फेरे झाले आणि बिट डगमगलं, बोल्टवरून घसरलं आणि आबांच्या मनगटावर ओरखडा काढत गेलं. पुन्हा आवळलं... पुन्हा तेच. मग काकांनी ड्रिल खालीच ठेवलं.

आबांचा चेहरा पांढराफटक. पण नजर चकवर होती. हळूच म्हणाले, "हाऊ चक गोल दांडीना शे. चौकोनी दांडी त्यामा बसत नही. मन्हं गिरमिट लई ये."

गिरमिट म्हणजे सुताराचं, वाकड्या दांड्याचं, लाकडाला भोकं पाडायचं हत्यार. त्याच्या जबड्याला खाचा असतात, चौकोनी दांडीचे कोपरे त्यांत बरोबर बसतात. मी ते आणलं, बिट बसवलं, ओढून पाहिलं... हललं नाही. काकांपुढे धरलं, तर ते मागे सरले, पुन्हा आबांना लागेल या भीतीने.

आबा म्हणाले, "तूच फिराव, बेटा."

किती वेळ फिरवत होते, माहीत नाही. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायची हिंमत नव्हती. बिट घसरलं तर सरळ आबांच्या तळहातात जाणार, एवढंच डोक्यात होतं. लोखंडाचा गरम चुरा त्यांच्या बोटांवर पडत होता आणि त्यांची नजर माझ्या हातांवरून हलत नव्हती.

शेवटी बोल्टचं डोकं तुटून खाली पडलं. काकांनी पहारीने पातं उचललं, हात सुटला. आबा तिथेच खाली बसले... आणि मी कोपऱ्यात जाऊन ओकले.

दोन बोटं कायमची वाकडी राहिली. पण त्याच हाताने आबांनी पुढे वीस वर्षं रंधा मारला.

आता माझी नव्वदी कधीच उलटली, नातसून मोबाइलवर लिहून घेतेय. घरात सगळे सांगतात, आजीचे हात तेव्हा जरासुद्धा कापले नाहीत. खोटं आहे ते. चांगले कापत होते... आबांना ते दिसत होतं, आणि तरीही त्यांनी गिरमिट माझ्याच हातात राहू दिलं.