राठोड सरांच्या तांड्याचा डेटाबेस

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबला एकच धड प्रिंटर आहे. त्याच्यापाशी उभं राहून राहून जेवढे किस्से जमले, तेवढी पानं त्यानं आजवर छापली नसतील! बहुतेक किस्से राठोड सरांच्या पीएचडीचे. ती सात वर्षं चालली आणि तेवढी वर्षं आम्हा कुणालाच चैन पडली नाही.

*

विषय ऐकूनच लोक पळायचे: ऑब्जेक्ट आणि नियमांवर चालणाऱ्या डेटाबेससाठी क्वेरीचं बीजगणित. लॅब सांभाळणारे शेख सर मात्र पळाले नाहीत.

"म्हणजे करता काय भाई तुम्ही?"

"प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं मांडतो. उत्तर तेच आलं पाहिजे, पण लवकर."

"मंग पीएचडी माह्या अम्मीले द्या! कुठं गेलता, कोनासंगं गेलता, कवा आलता... दहा वर्षांपासून तेच करून राह्यली!"

*

डेटा होता सरांच्याच तांड्याचा, मुकुटबनकडचा. प्रत्येक माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट. नातीगोती नियमांवरून मशीननं शोधायची, आणि नियम सांगायला सरांचे वडील, बापू, स्वतः लॅबमध्ये येऊन बसले होते.

पहिल्याच दिवशी एकाचे पूर्वज शोधायला सांगितले, तर मशीन थांबेचना. आमचे डबे खाऊन झाले, दोन तास घेऊन झाले, तरी चालूच. मी तर तीनदा वायर हलवून पाहिली! शेवटी कळलं, तांड्यात नातवाला आज्याचं नाव ठेवतात आणि सरांनी नावावरून दोघांना एकच धरलं होतं. एक गृहस्थ स्वतःचेच आजोबा होऊन गोल गोल फिरत होते!

"बिचाऱ्याले जेवाले तरी सोडा," शेख सर म्हणाले.

*

एकदा ऑफिसला मारेगावहून येणाऱ्या मुलींची यादी तातडीनं हवी होती, एसटीच्या पाससाठी. सरांचा प्रोग्राम आधी सगळ्या विद्यार्थ्यांची सगळ्या गावांशी जोडी लावत बसला. शेख सर उठले, वर्गात जाऊन "मारेगाववाल्या, हात वर करा!" म्हणाले आणि यादी घेऊन आले.

सरांनी कपाळाला हात लावला. आधी निवड, मग जोडी! प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यांनी पुन्हा लिहिलं. आभाराच्या पानावर शेख सरांचं नाव आहे.

*

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सरांची धाकटी बहीण सविता. तिनं आपल्याच कुळातल्या मुलाशी लग्न केलं, तांड्याच्या नियमाविरुद्ध. तेव्हापासून बापूंनी घरात तिचं नाव घेणं बंद केलं. तिचा फोन आला की सर उठून कॉरिडॉरमध्ये जायचे.

डेटाबेसमध्येही ती नव्हती. आणि प्रबंधात तर लिहिलेलं, की तांड्यातलं प्रत्येक माणूस नोंदलं आहे; जे नोंदलं नाही ते नाहीच, असं मशीन धरतं.

"सर, घाला ना तिला! उद्या व्हायवात कुणी पकडलं तर?" मी वैतागायची.

"घालतो मॅडम. पण बापू पाह्यतीन तं काय सांगू?"

मला दोघांचाही राग यायचा.

*

व्हायवाच्या दिवशी बापू पागोटं बांधून पहिल्या रांगेत. सर शर्टाची बाही सारखी खालीवर करत होते. सगळं नीट पार पडत आलं आणि परीक्षक हसून म्हणाले, "बाबा, आता तुम्हीच विचारा तुमच्या तांड्याबद्दल काहीतरी."

बापू उभे राहिले. "विचार त्याले, मले लेकी किती?"

सरांची बोटं थबकली. शेवटी त्यांनी क्वेरी दिली. पडद्यावर आलं: शून्य.

"चुकलं तुहं मशीन," बापू म्हणाले.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. सरांनी सविताची नोंद घातली, आईबाप घातले. मग तिच्या नवऱ्याचं नाव टाकलं आणि लाल अक्षरं उमटली: नोंद नाकारली, एकाच कुळात लग्न.

"काहून घेऊन नाही राह्यलं?"

"बापू, तुम्ही सांगितलेला नियम हाय तो. आडवा येते."

बापूंनी पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बोट केलं.

"मंग नियम बदल ना! पोरीले कायले काढतं?"