लिंबोणीखालच्या लाल मुंग्या

मुंगीचं कुणी कौतुक करायला लागलं की मला अजूनही राग येतो. कष्टाळू म्हणे, शिस्तीची म्हणे. मी तिच्याबरोबर तीन वर्षं एका छपराखाली काढली आहेत. मला तिच्यात कौतुकासारखं काही सापडलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. लग्न होऊन मी कुंभार पिंपळगावहून जालन्यात आले. नवरा बियाण्यांच्या कंपनीत कारकून होता. स्टेशनपासून दहा मिनिटांवर आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. पुढच्या बाजूला घरमालकीण काकू, मागे आम्ही आणि मधे मातीचं अंगण. अंगणात काकूंची लिंबोणी होती, आमच्या स्वयंपाकघराच्या दारापासून जेमतेम चार पावलांवर.

काकू एकट्या राहायच्या. मुलगा पुण्याला. त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. कुणीतरी सांगितलं, मुंग्यांना कणिक-साखर घाला. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की काकू ओल्या केसांनीच लिंबोणीच्या बुडाशी बसायच्या आणि चिमटीचिमटीने कणिक-साखर सोडायच्या. त्या खाण्यावर पोसलेल्या लाल मुंग्या उरलेला दिवस माझ्या घरात घालवायच्या.

गुळाचा डबा मी पाण्याच्या परातीत ठेवायचे. जालन्यात तेव्हा नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि मी मुंग्यांसाठी परात भरत होते. हळद टाकून पाहिली, खडूच्या रेघा ओढल्या, फटीत साबण दाबून भरला. त्या दुसऱ्या फटीतून यायच्या. पोळीच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, एकदा तर नवऱ्याच्या बुटात.

शेवटी मी काकूंना म्हटलं, "काकू, कणिक जरा तिकडं, कंपाउंडपाशी घालत जा ना."

"आगं, त्यायचं घर हितंच हाय. त्यायला मी लांब कुठं बोलवू?"

"पण सगळ्या माझ्या घरात येऊन राह्यल्यात."

"येऊ दे. मुका जीव हाय. खाऊन खाऊन किती खाईल?"

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे न. अशी खोली दुसरीकडं मिळून राह्यली का?"

मग आम्हाला मुलगी झाली. त्याच सुमारास पुण्याहून पत्र आलं, काकूंच्या सुनेला दिवस गेले होते. काकूंनी त्या दिवशी लिंबोणीखाली वाटीभर साखर ओतली.

मुलगी चार महिन्यांची असताना एका दुपारी मी तिला झोळीत निजवून अंगणात धुणं धुवत होते. आतून तिचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं वेगळं असतं, हे तसं नव्हतं. मी साबणाच्या हातांनी पळत गेले. झोळीच्या दोरीवरून, वरच्या कडीपासून खालपर्यंत, लाल रांग उतरत होती. तोंडावर दुधाचा ओघळ सुकला होता, त्यावर त्या चिकटल्या होत्या. पापण्यांवर, मानेच्या वळीत, कानात. मी तिला उघडी करून पदराने पुसलं. त्या पुसून जात नव्हत्या, एकेक चिमटीने ओढावी लागली.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात कोमट तेल सोडलं आणि बारीक चिमट्याने मुंगी काढली. मला दाखवली. ती अजून पाय हलवत होती.

परत आले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. लेकराचा चेहरा सुजून लाल झाला होता. त्यांनी तो पाहिला, हळहळल्या, आणि म्हणाल्या, "काल मी अंबडला गेल्ते गं. कणिक घालायची राहिली. उपाशी होत्या बिचाऱ्या."

मी लेकीला घेऊन सरळ आत गेले. बोलले असते तर शिवीच निघाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवला. पाणी खदखदायला लागलं तशी बादली भरली आणि लिंबोणीच्या बुडाशी बिळात ओतली. मग दुसरी बादली. मग तिसरी. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून वर येत होत्या, त्यांच्यावरही ओतलं. माहेरी कपाशीवर धुरळायची पावडर असायची, तिचा डबा मी बाळंतपणाहून येताना आणला होता. ती पावडर मुठीमुठीने पसरली. मला बरं वाटत होतं. ते मी लपवणार नाही.

काकू कणकेची वाटी घेऊन आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"काय केलंस हे? माह्या सुनेला सातवा महिना लागलाय. अन् तू आज माह्या दारात हत्या केली?"

"माझ्या लेकीच्या कानातून मुंगी काढली काल."

"एक चावली म्हणून हजार मारतेत का?"

"मारतेत," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं, खोली खाली करा. त्याने माझ्या वतीने माफी मागितली. हे मला कळल्यावर आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

दुसरी खोली मिळेपर्यंत पाच-सहा महिने गेले. तेवढ्या काळात काकूंनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. लिंबोणी पिवळी पडत वाळून गेली. पुण्याची सून सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. ती बातमी येईपर्यंत मला धास्ती होती, हेही खरं. वाचलेल्या मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं होतं, तेही काकूंच्याच भिंतीत. आमच्याकडे एकही येत नव्हती.

नातू तीन महिन्यांचा झाल्यावर सून त्याला घेऊन जालन्याला आली. दोनच दिवसांनी काकू माझ्या दाराशी आल्या. पदर डोक्यावर, नजर उंबऱ्यावर.

"ती पावडर उरली का गं?"

"न्हाई," मी म्हटलं. "समदी संपली."

अर्धा डबा माळ्यावर होता. त्यांना कळलं असावं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने खिडकीतून मला त्या दिसल्या. ओसरीवर पाळण्याखाली वाकून खडूने रेघ ओढत होत्या. गुडघे धरून उठायच्या, पुन्हा बसायच्या.

पुढच्याच आठवड्यात आम्ही सामान टेम्पोत घातलं. नवरा किल्ली द्यायला आत गेला, मी मुलीला कडेवर घेऊन बाहेरच थांबले. पावडरचा तो अर्धा डबा मी गोणपाटात गुंडाळून बरोबर नेला.