वळणावर चढणारा काटा

पिकअप मी निमगाव सावातल्या एकाकडून जुनी घेतली. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. तो भाऊ आईबरोबर दुसऱ्या गावी राहायचा, वर्षापूर्वी वारला. टोमॅटो भरून पिंपरी पेंढार ओलांडलं, की एका वळणावर तापमानाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकायचा. उतरून बघावं तर पाणी भरलेलं, इंजिन नेहमीएवढंच गरम. वळण सरलं की काटा खाली.

मेकॅनिकनं सेन्सर काढून गरम पाण्यात धरला, मीटर लावला. "भाऊ, सेन्सरला काय बी झालं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "राव, बदला म्हणतोय तर बदला ना!"

नवा सेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या वळणावर आलो. काटा पुन्हा लाल रेषेवर! चरफडत गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरलो. समोरच्या घरातून एक म्हातारी भरलेला तांब्या घेऊन आली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. लांबून घरी आलेल्या गाडीच्या चाकांवर आमच्याकडं बायका पाणी ओततात, तसं तिनं पुढच्या दोन्ही चाकांवर ओतलं. मी खिडकीतून आत डोकावलो. काटा सावकाश खाली येत होता.

म्हातारीही माझ्या शेजारी येऊन आत बघू लागली. मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटला म्हणाली, "उतर की आता. किती दिस नुसता दारावरनं जातोस?"